अक्काच्या ढोलकीचा उजवा हात

बाविसाव्या वर्षी मी एका ढोलकीविरुद्ध अर्ज लिहिला होता. निनावी.

लग्न होऊन धारवाडहून उणकलला येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. उणकल तेव्हा गावच होतं. तळं, चार गल्ल्या, देवीचं देऊळ, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी त्या देवळात बायकांचं भजन. त्या भजनातली ढोलकी थेट माझ्या खिडकीतून आत यायची. आणि मी कोण? धारवाडात चार वर्षं गाणं आणि पेटी शिकलेली! खरं सांगायचं तर त्या चार वर्षांत गुरुजींनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, "सूर बरा आहे तुझा, तालाचं काही खरं नाही. सहा महिने तबल्यापाशी बस." मी बसले नाही. तबल्यानं बोटं जाड होतात असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि माझी बोटं मला फार आवडायची. गुरुजींचं आता वय झालं, असं मी घरी येऊन आईला सांगितलं.

तर अर्ज. देऊळ कमिटीच्या नावे, पुस्तकी कन्नडात. 'कर्कश चर्मवाद्यामुळे स्वरसाधनेत व्यत्यय येतो' वगैरे. खाली सही, 'एक संगीतप्रेमी'. अक्षर माझं मोत्यासारखं आणि त्याचा गर्व पोत्याएवढा. कन्नड अक्षराच्या डोक्यावर छोटा तुरा असतो, तो मी मोराच्या तुऱ्यासारखा वळवून काढायची. असा सजवलेला निनावी अर्ज देवळाच्या पेटीत टाकला आणि घरी येऊन निर्धास्तपणे पोहे केले.

आठ दिवसांनी दारात ढोलकीवाली उभी! माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, उंच, कानडी, दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या काचेच्या बांगड्या. ती म्हणाली, "तंगी, तुला पेटी येते म्हणे. शुक्रवारी ये. आमच्याकडे सूर धरायला कुणी नाही." तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी मनात म्हटलं, अर्ज उंदरानं खाल्लेला दिसतो. आणि गेले. ती माझी अक्का झाली, मी मंडळाची पेटीवाली झाले, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं आम्ही शुक्रवारी एकमेकींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो. माझा ताल कुठे घसरला की ती नुसता डावा हात दाबून ढोलकीचा घुमारा असा काही वळवायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हे असंच ठरलेलं होतं.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी अक्का मोगरा काढायला स्टुलावर चढली आणि खाली आली. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात त्या हातातल्या बांगड्या कापल्या, प्लास्टर घातलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण मनगट काही पहिल्यासारखं वळेना. डॉक्टर म्हणाले, घरात हलकी कामं करा, ढोलकी नको.

मंडळातल्या धाकट्या बायकांनी एक तालाचा डबा आणला. बटण दाबलं की तो 'चिक चाक चिक चाक' सुरू, ते दुसरं बटण दाबेपर्यंत. अक्का एका शुक्रवारी आली, अर्धा तास ऐकलं आणि उठली.

"का हो अक्का?"

"यव्वा, तो मधे श्वासच घेत नाही. मलाच धाप लागली."

त्यानंतर ती आलीच नाही. मी तिच्या घरी गेले तर डाव्या हातानं तूरडाळ निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "दसऱ्याला अळणावरहून भाची येणार आहे. ढोलकी तिच्याबरोबर देऊन टाकते. लाकूड तिकडचंच आहे, माझ्या अप्पांच्या वखारीतलं. तिकडे जाईल."

"आणि तुम्ही?"

"मी काय? रिकाम्या हातानं टाळ्या वाजवत बसू? ती कामं तुम्ही गाणाऱ्यांनी करायची."

ढोलकी गेली की अक्का शुक्रवारची कायमची गेली, हे मला कळलं. दसऱ्याला दीड महिना होता. मी घरी येऊन पेटीसमोर बसले आणि एक सूरही न वाजवता उठले.

आता एका ऍपचं सांगते. मी रोज सकाळी फोनवर तंबोरा लावते. फुकटचा तंबोरा, त्यामुळे षड्ज लागला न लागला तोच जाहिरात येते. त्या आठवड्यात एक जाहिरात आली. एक दाढीवाला मनुष्य कढईवर चमचा मारतो, फोनमध्ये तो आवाज भरतो, आणि मग काचेवर बोटं नाचवून कढईचा ताशा वाजवतो. घरातल्या कुठल्याही आवाजाचं वाद्य करा म्हणे. मी तंबोरा तसाच सोडला आणि ते ऍप उतरवून घेतलं.

पहिला बळी आमचे हे. गणिताचे निवृत्त मास्तर. सकाळी चटणीची फोडणी बसली की त्यांना ठरलेली एक शिंक येते, ती मी टिपली. एक आवाज दिला की ते ऍप तो पेटीच्या सगळ्या पट्ट्यांवर पसरून देतं, खाली जाड, वर बारीक. मी त्यांच्या शिंकेवर भूप वाजवला. खालच्या सप्तकात म्हैस शिंकत होती, वरच्या सप्तकात चिचुंद्री.

"अडुसष्ट वर्षं पूर्ण झाली ना तुला?" ह्यांनी विचारलं.

"झाली की."

"मग ठीक आहे. मला वाटलं माझी मोजण्यात चूक होतेय."

शिंकेनंतर मी ढोलकीकडे वळले. ऍपमध्ये सोळा चौकोन असतात. एकेका चौकोनात एकेक आवाज ठेवायचा, डब्यांत डाळी भरतो तसा. बोट टेकलं की तो आवाज येतो. जोर लागत नाही, मनगट लागत नाही. माझ्या डोक्यात आलं, अक्काची ढोलकी या चौकोनांत भरली तर एका बोटानं वाजेल! अक्काला मी काहीच सांगितलं नाही. "कातड्याची पुडी सैल झालीय का बघते" असं म्हणून ढोलकी दोन दिवसांसाठी मागून आणली.

रेकॉर्ड करायला शांतता हवी, आणि उणकलात आता शांतता कुठली? सगळीकडे नवीन घरं, सगळीकडे टाइल्स कापण्याचं मशीन. मी पलंगावर दोन खुर्च्या उभ्या केल्या, त्यांवर तीन गोधड्या टाकल्या आणि ढोलकी घेऊन आत शिरले. भर दुपारी, पंखा बंद. हे खोलीत आले तेव्हा त्यांना पलंगावर एक तंबू दिसला आणि त्यातून 'ता' ऐकू आला. बाहेर जाऊन त्यांनी कुकरखालचा गॅस बंद केला, शिटी मध्ये येऊ नये म्हणून. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतो.

पहिल्या फेरीत प्रत्येक 'ता'च्या आधी 'हं' असा आवाज आला. तो मीच करत होते, जातं ओढताना करतात तसा. दुसऱ्या फेरीत ओठ दाबून धरले. मग आवाज कातरायचे. थापेच्या आधी जराशी शांतता राहिली तर आवाज उशिरा येतो, जास्त कातरलं तर थापेचं टोकच जातं आणि 'ता' बोबडा होतो. चष्मा लावून दोन दिवस कातरत बसले. तिसऱ्या दिवशी ढोलकी एका काखेत, फोन दुसऱ्या हातात, अशी अक्काकडे गेले.

"फोनवर ढोलकी?" अक्का म्हणाली. "उद्या फोनवर भाकरी थापशील."

"आधी बोट तर टेका."

तिनं उजव्या हाताचं बोट एका चौकोनावर टेकलं. 'ता'. दुसऱ्यावर. 'ना'. चेहरा असा केला, जणू चहात साखर विसरलीय.

"ही कुणाची?"

"तुमचीच की अक्का!"

"माझी नव्हे. हिला ताप आलाय. तू मारलीस ना? पापड मोडेल अशा भीतीनं?" तिनं फोन माझ्याकडे सरकवला. "मार की जरा कर्कश. अर्जात लिहिलं होतंस तशी."

बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले अण्णा, म्हणजे अक्काचे यजमान, त्या काळी कमिटीचे सेक्रेटरी होते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट आठवलं.

"अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून थोडंच! अर्ज वाचून मी ह्यांना म्हटलं, जिला एवढा त्रास होतो तिला कान तर आहे, शोधून काढू. गल्लीत पेटी वाजते ते एकच घर. पण खात्री नव्हती. मग तू मंडळासाठी भजनांची वही लिहून दिलीस. प्रत्येक अक्षरावर मोर!" अक्का हसायला लागली ती तोंडावर पदर धरून. "आम्ही सगळ्यांनी बघितली ती वही. सगळ्या बायकांनी."

सगळ्या बायकांनी! म्हणजे पंचेचाळीस वर्षं मी ज्या मंडळात मोठ्या ऐटीत 'जरा सूर सांभाळा हं' म्हणत होते, त्या मंडळातल्या एकजात बायका मला संगीतप्रेमी म्हणून ओळखत होत्या. त्या बावीस वर्षांच्या पोरीला आता भेटले तर आधी तिला चहा देईन आणि मग तिचा कान धरीन. निनावी अर्ज लिहायचा तर गं बाई, निदान अक्षर तरी वाईट काढावं!

"माफ करा अक्का," मी म्हटलं.

"साकु." साकु म्हणजे पुरे. "आता ढोलकी घे मांडीवर. बोटं अशी नाही. अशी."

त्यानंतर सहा दिवस शिकवणी. डाव्या हातात लाटणं घेऊन अक्का समोर बसायची. माझं बोट चुकीच्या जागी पडलं की लाटण्याचं टोक गुडघ्यावर. "तळहात मागे! तू काय बाळाला थोपटतेस?" गुरुजींनी सांगितलेले सहा महिने मी असे अडुसष्टाव्या वर्षी सहा दिवसांत उरकले. आणि हो, बोटं खरंच जाड झाली. अंगठी निघेना.

पुन्हा तंबू, पुन्हा कुकर बंद. या वेळचे आवाज बरे होते. खणखणीत. तरी अक्का समाधानी नाही. "काहीतरी कमी आहे," एवढंच म्हणायची, आणि काय ते तिलाही सांगता येईना. मीठ म्हणावं तर आहे, तिखट म्हणावं तर आहे.

एका दुपारी उजवा हात दुखतो म्हणून तिनं डाव्या बोटानं, सवयीनं मनगट झटकत, फोन वाजवून बघितला, आणि एकदम ती अक्काची ढोलकी झाली! आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पुन्हा उजवं बोट, पुन्हा तापकरी ढोलकी. डावं, आणि शुक्रवार. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डाव्या हातात बांगड्या होत्या. इतकी वर्षं मी जिला ढोलकी समजत होते तिच्यात निम्मी काच होती. आणि मी? रेकॉर्ड करताना आवाज 'स्वच्छ' यावा म्हणून माझ्या हातातल्या दोन बांगड्यासुद्धा काढून ठेवल्या होत्या. संगीतप्रेमी ती संगीतप्रेमीच.

अक्काच्या उजव्या मनगटाची सूज अजून होती, बांगडी चढेना. शिवाय मनगट न हलवता नुसतं बोट टेकवून बांगड्या काय हलणार? म्हणजे बांगड्या थापेबरोबरच टिपायला हव्या, आणि थाप माझी, तर बांगड्याही माझ्या हातात. मी बस धरून हुबळीच्या बाजारात गेले. बळेगाराच्या, म्हणजे कासाराच्या दुकानात गर्दी. त्यानं विचारलं, "कोणता रंग, अव्वा?"

"कोणताही. वाजवून दाखव."

"काय?"

"वाजवून दाखव. डझनभर हातात घे आणि हलव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, दुकानातल्या बायकांकडे पाहिलं आणि हलवल्या. मी डोळे मिटून ऐकल्या. जाड काचेच्या फार ठोकळ. सोनेरी टिकल्यांच्या खरखरणाऱ्या. चौथ्या की पाचव्या डझनाला मी म्हटलं, "या जवळ आल्या. पण दोन काढ यातल्या, गर्दी होतेय." शेजारची एक नवरी मुलगी आपल्या आईला कुजबुजली, "आपल्याही ऐकून घेऊया का गं?" शेवटी दहा साध्या हिरव्या निघाल्या. बळेगारानं माझा हात दाबून दाबून भरल्या, आणि जाड झालेल्या बोटांवरून जाताना मी जो आवाज काढला तोही टिपून ठेवण्यासारखा होता. तिथून कोप्पीकर रोडला गेले आणि स्पीकरची वायर घेतली. फोनला जोडलेल्या बिनवायरच्या स्पीकरवर आवाज जरा उशिरा येत होता. अक्का म्हणायची, "मी आज मारते, ते उद्या वाजतं."

बांगड्यांसकट पुन्हा थापा टिपल्या. आता आवाज आला, पण अक्का दहा मिनिटं वाजवून म्हणाली, "सगळे 'ता' जुळ्या बहिणींसारखे. एकाच बांगडीचा तोच तोच किणकिणाट. माझ्या हातून दोन 'ता' कधी सारखे पडले नाहीत." हे खरंच होतं. ऍपला विचारलं तर उपाय निघाला. एकाच चौकोनात पाच निरनिराळे 'ता' ठेवता येतात, ते पाळीपाळीनं वाजतात. मी पाच 'ता' टिपले. एक ठणठणीत, एक दमलेला, एक जरा उशिरा किणकिणणारा, एक हळू. पाचवा तितका जमला नव्हता, पण तोवर माझा हात गेला होता.

राहिला डावीकडचा घुमारा. तो मी एका चौकोनात भरला होता. अक्कानं दोनदा बोट टेकलं आणि म्हणाली, "हा म्हशीसारखा एकाच सुरात हंबरतो. वळत नाही." त्यावर मात्र ऍपकडे काही नव्हतं, निदान मला सापडलं नाही. मी निरनिराळे चौकोन करून बघितले, तळहात दाबून, सोडून. अक्का कंटाळली. तिनं सरळ ढोलकी मांडीवर ओढली, डावा हात खऱ्या पुडीवर ठेवला आणि फोन उजव्या गुडघ्यावर. "डावा हात कुठे मोडलाय माझा?" म्हणाली.

डावीकडे कातडं, उजवीकडे काच. डाव्या हातानं घुमारा वळत होता आणि उजवं बोट फोनवर 'ता ना ता ना' करत होतं. अण्णांना कमी ऐकू येतं, पण ते पेपर बाजूला ठेवून दारात येऊन उभे राहिले.

नवरात्रातल्या शुक्रवारी देवळात आम्ही शेजारी बसलो. फोन मी विमानातल्यासारखा बंद करून दिला होता, नाहीतर भजनात मध्येच कुणीतरी प्लॉट विकायला येतं. धाकट्या बायकांचा डबा कोपऱ्यात कापडाखाली. पहिल्या पदाला अक्काचं बोट दोनदा चुकीच्या चौकोनावर पडलं. तिसऱ्या पदाला मी घसरले, अगदी नेहमीच्या जागी, आणि तिनं डावा हात दाबला. घुमारा वळला. कुणाला काही कळलं नाही.

दसऱ्याला अळणावरची भाची आली. ढोलकीसाठी चांगली जाड पिशवी शिवून आणली होती बिचारीनं. मी नेमकी तिथेच होते. खरं म्हणजे मुद्दामच गेले होते. अक्का पिशवीकडे बघत बसली. शब्द दिलेला, आता मोडायचा कसा? कानडीत घसा साफ करून तिनं दोनदा सुरुवात केली आणि दोनदा भाचीला चहा विचारला.

मग माझ्याकडे वळली. "तंगी, ते फोनातलं दुसऱ्याच्या फोनात जातं का?"

"जातं की. ऍप घेतलं की झालं."

"सगळं जातं? बांगड्यांसकट?"

"बांगड्यांसकट."

"मग घाल तिच्या फोनात." आणि भाचीला म्हणाली, "मी देते म्हटलं होतं ना? ही घे ढोलकी. लाकूड नंतर. माझा डावा हात थांबला की."

भाची एकदा पिशवीकडे, एकदा फोनकडे बघत राहिली. पण पोरगी चांगली. तिथेच बसून तिनं ऍप घेतलं, मी पाठवलं, आणि तिनं बोट टेकलं. 'ता'. पुन्हा. 'ता'. एकेक करून पाचही ऐकले, आणि पाचव्याला मान वाकडी केली.

"अत्ती, हा एक कच्चा आहे का हो?"

अत्ती म्हणजे आत्या. ती आत्या माझ्याकडे बघून असं हसली की मी पदर खोचून ढोलकी जवळ घेतली. अण्णांनी न सांगता पंखा बंद केला.